डोम ए-च्या फ्रेम्स उघडण्याआधी

शनिवारी अंटार्क्टिकातल्या डोम ए या बर्फाळ उंचवट्यावरच्या दुर्बिणीच्या फ्रेम्स (आकाशाची चित्रं) साफ करायला बसायचं ते रात्री नऊनंतरच. मे महिन्यातल्या जळगावात दुपारी पत्र्याखाली लॅपटॉपला हात लावला तरी चटका बसतो. इन्व्हर्टर संध्याकाळीच भरून ठेवा; लाईट गेली आणि फिट्स फाइल (दुर्बिणीच्या चित्राची फाइल) अर्धवट लिहिली गेली की कामातून गेली, गेल्या वेळी माझी अख्खी रात्र अशीच वाया गेली. डिस्क ऐसपैस मोकळी हवी. अंटार्क्टिकातल्या एएसटी३ दुर्बिणीचं तोंड जेमतेम ५० सेंटिमीटर, पण कॅमेऱ्याची चिप १०,५६० गुणिले १०,५६० पिक्सेलची; चित्र तिच्या अर्ध्याच भागावर घेतात, तरी एकेक फ्रेम १०० एमबीच्या वर. मूळ फ्रेम्स एका फोल्डरात कुलूपबंद. काम फक्त नकलेवर.

खरी डोकेदुखी डार्कची, म्हणजे अंधारातही चिपच्या उष्णतेने पिक्सेलमध्ये साठणाऱ्या खोट्या उजेडाची. या कॅमेऱ्याला शटरच नाही, त्यामुळे झाकण लावून डार्क काढायची सोय नाही. उणे ८० अंशांच्या थंडीत डार्क कशाला, असं वाटेल. पण कॅमेऱ्याची स्वतःची ऊब बाहेर पडत नाही आणि चिप हवेपेक्षा बरीच गरम राहते. दर सातेक अंशांना डार्क दुप्पट होतो. म्हणून आधी हेडरमधलं (फाइलच्या सुरुवातीच्या नोंदींतलं) चिपचं तापमान वाचून फ्रेम्सचे गट पाडा. प्रत्येक गटात वेगवेगळ्या दिशांच्या भरपूर फ्रेम्स हव्यात. त्यांचा पिक्सेलनिहाय मीडियन (मधली किंमत) घेतला की तारे गळतात आणि आकाशाचा उजेड अधिक डार्क एवढंच उरतं. उजेड सारखा पण तापमान वेगळं, असे दोन मीडियन निवडून वजा करा: हाती येतो तो डार्कचा ठसा. मग तो प्रत्येक फ्रेमच्या तापमानाप्रमाणे कमीजास्त करून वापरायचा. इथे घाई केलीत तर पुढची सगळी प्रकाशमोजणी भुसा.

फ्लॅट, म्हणजे सगळ्या चिपवर सारखा उजेड पडलेल्या फ्रेम्स, संधिप्रकाशाचे घ्या, त्यातला एका बाजूचा उतार काढून. ताऱ्यांचा कॅटलॉग आधीच उतरवून ठेवा, ऐनवेळी नेट रुसतं. आपल्याकडून आकाशाचा दक्षिण ध्रुवबिंदू २१ अंश क्षितिजाखाली, तेव्हा ओळखीचं नक्षत्र शोधत बसू नका. ध्रुवाजवळ विषुवांशाच्या (आकाशातल्या रेखांशांच्या) रेषा एकवटतात. तारे जुळवताना विषुवांशांची वजाबाकी नको, कोनीय अंतर काढा.

हेडरमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे. त्यात साडेपाच तास मिळवू नका. डोम ए-वर हिवाळ्यात चार महिने सूर्यच उगवत नाही, तेव्हा फ्रेम बघून चूक कळणारही नाही.