खरकटं कोंबड्यांना, साली गांडुळांना

घरातला सगळा ओला कचरा एकाच बादलीत गेला की तो आंबतो आणि मग कुणाच्याच कामाचा राहत नाही. म्हणून गांडुळं आणण्याआधी ओट्याखाली दोन डबे ठेवा. एकात कच्चं: भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा. दुसऱ्यात शिजलेलं: उरलेला भात, भाकरीचे तुकडे. पहिला डबा गांडुळांचा, दुसरा कोंबड्यांचा. वास, चिलटं, उंदीर यांचा त्रास बहुतेक वेळा ही वाटणी न केल्यामुळेच होतो.

गांडुळांसाठी उंच पिंप नको. रुंद टब घ्या, दीड फूट खोल पुरे, कारण खताची गांडुळं वरच्या थरातच वावरतात. तळाला भोकं पाडून टब विटांवर ठेवा. जागा सावलीची हवी. कोकणात पागोळ्यांपासून दूर, विदर्भात उन्हाळाभर वर ओलं गोणपाट. आतलं तापमान 35 अंशांच्या वर गेलं की गांडुळं मरू लागतात.

तळाला चार बोटं नारळाच्या शेंड्या किंवा पाचट पसरा. त्यावर वीतभर शेण आणि सुका पाला. शेण ताजं घालू नका, ते तापतं. आठ-दहा दिवस पाणी मारून आधी थंड होऊ द्या. शेतातली गांडुळं खणून आणण्यात अर्थ नाही, ती खोल मातीतली असतात. आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या जाती कृषी विज्ञान केंद्रात किंवा गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडे मिळतात. घरापुरती अर्धा किलो आणा.

पहिला आठवडा त्यांना फक्त शेणावर राहू द्या. मग दिवसाआड मूठभर बारीक चिरलेला कचरा एका कोपऱ्यात पुरा, वर सुका पाला टाका. पुढच्या वेळी दुसरा कोपरा. रुळल्यावर अर्धा किलो गांडुळं दिवसाला साधारण पाव किलो संपवतात, पण आधीचं संपल्याशिवाय नवं घालू नका. लिंबू-मोसंबीच्या साली, मिरच्या, तेलकट, खारट, मासे-मटण वर्ज्य.

ओल हातानेच तपासा. मूठ घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघाला की बरोबर. गांडुळं काठावर चढू लागली तर आत पाणी किंवा आंबूसपणा वाढलाय: खाणं थांबवा, सुका पाला मिसळा. मुंग्या आल्या तर ओल कमी पडलीय.

आता कोंबड्या. तीन-चार गावरान पुरतात. भात-भाकरी सकाळी घाला आणि संध्याकाळी उरलेलं उचला, नाहीतर रात्री उंदीर येतात. खरकटं हे तोंडीलावणं, पोटभरीचं खाणं धान्य किंवा खाद्यच हवं. बुरशी आलेली भाकरी कधीही देऊ नका, त्या बुरशीतलं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. अंड्याची टरफलं भाजून, बारीक कुटून द्या. अख्खी दिली तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागू शकते.

कोंबड्यांची विष्ठा मात्र गांडुळांच्या टबात नको. ताज्या विष्ठेतला अमोनिया गांडुळांना मारतो. शिवाय जंतांची अंडी गांडुळाच्या पोटात जातात आणि तेच गांडूळ खाल्लं की परत कोंबडीत येतात. विष्ठा सुक्या पाल्यात मिसळून वेगळ्या ढिगात काही महिने कुजवा.

शेळी असेल तर मटारची टरफलं, फ्लॉवरचा पाला तिला. भात, पोळ्या, कणीक यांचा ढीग शेळीपुढे किंवा गाईपुढे टाकू नका. प्रेमाने, पुण्य म्हणून लोक घालतात, पण एकदम जास्त पिष्ट गेलं की पोटात आम्ल वाढतं आणि धडधाकट जनावर दगावतं. ही कळकळीची विनंती आहे.

दोनेक महिन्यांत टबातला माल चहाच्या भुकटीसारखा काळा, सुटा होतो. चार दिवस पाणी बंद ठेवा. मग उजेडात प्लास्टिकच्या कागदावर त्याचे लहान ढीग करा. उजेड टाळत गांडुळं तळाशी जातात, तुम्ही वरून थर खरवडत राहा. मोहरीहून जरा मोठे पिवळसर कोष दिसले तर वेचून गांडुळांबरोबर टबात परत टाका, त्यांतूनच पिल्लं निघतात. टबात दाटी झाली असेल तर जादा गांडुळांतली मूठभर कोंबड्यांना द्या.