मॅनेज्ड स्विचवर दोन पोर्ट एकत्र कसे बांधावेत: पोर्ट सेटिंगपासून एलएसीपीपर्यंत

ऑफिसात पंधरा-वीस कॉम्प्युटर, सगळ्यांच्या फाइली एका नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावर), आणि नॅसच्या मागे दोन लॅन पोर्ट, त्यातला एक रिकामा. असा सेटअप बऱ्याच ठिकाणी असतो. स्विच मॅनेज्ड असेल, म्हणजे त्याचे सेटिंग बदलता येत असेल, तर तो दुसरा पोर्टही कामाला लावता येतो: दोन्ही पोर्ट एकत्र बांधायचे. हे दोन्ही टोकांनी आपसात ठरवायची पद्धत म्हणजे एलएसीपी.

पण आधीच सांगतो, एकच माणूस एकच मोठी फाइल कॉपी करत असेल तर त्याचा वेग दुप्पट होणार नाही. एका गिगाबिट केबलवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, त्याला तेवढेच मिळतील. स्विच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घेऊन त्यावरून केबल ठरवतो आणि ती देवाणघेवाण त्याच केबलवरून चालवतो, नाहीतर पॅकेट मागेपुढे पोहोचतील. फायदा होतो तो अनेकजण एकाच वेळी कामाला बसल्यावर. शिवाय एक केबल निघाली तरी काम थांबत नाही, आणि माझ्या मते खरा फायदा हाच. एकट्या मशीनला वेग हवा असेल तर सरळ २.५ किंवा १० गिगाबिटचे कार्ड घ्या.

आधी स्विचमध्ये शिरा

स्विचचा आयपी खालच्या स्टिकरवर किंवा माहितीपत्रकात असतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच स्विचना १९२.१६८.०.१ असतो, सिस्कोच्या छोट्या ऑफिसांसाठीच्या स्विचना १९२.१६८.१.२५४. लॅपटॉपला त्याच रेंजमधला आयपी हाताने द्या आणि ब्राउझरमधून लॉगिन करा. पासवर्ड बदला, चालू सेटिंगचा बॅकअप उतरवून घ्या. आपला लॅपटॉप कोणत्या पोर्टला लागलाय ते बघून ठेवा आणि त्या पोर्टला हात लावू नका. नाहीतर मध्येच कनेक्शन तुटून बाहेर बसाल.

पोर्ट सेटिंग

नॅसचे दोन पोर्ट, समजा ७ आणि ८, निवडून त्यांना नाव द्या: नॅस-१, नॅस-२. वर्षभराने कोणी दुसरा बघायला आला तर हीच नावे कामी येतील.

स्पीड आणि डुप्लेक्स (डेटा दोन्ही दिशांनी एकाच वेळी जातो, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) दोन्ही 'ऑटो'वरच ठेवा. 'फिक्स केलं की पक्कं राहतं' हा समज जुना आहे. एका बाजूला १०० फुल असे हाताने बसवले आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर ऑटोवाल्या बाजूला स्पीड कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, म्हणून ती हाफ धरते. लिंकचा दिवा लागतो, पिंगही जातो, पण फाइल कॉपी करायला घेतली की रखडते. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला तर ऑटो लागतेच.

ऑटोवर असूनही पोर्ट १००च दाखवत असेल तर आधी केबल बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १००ला चारच पुरतात. एखादी तार नीट क्रिंप झाली नसेल तर लिंक मुकाट्याने १००वर उतरते. पोर्ट स्टॅटिस्टिक्समध्ये सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडाही बघा. तो वाढत असेल तर केबल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रुपमधल्या सगळ्या पोर्टचा स्पीड, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगळे नेटवर्क) आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याला 'जरा थांब' सांगायची सोय) सारखे हवे.

ग्रुप बांधणे

आता क्रम महत्त्वाचा. दुसरी केबल अजून जोडू नका. आधी नॅसवर बाँड (दोन पोर्टचा एक ग्रुप) करा: सिनॉलॉजीत कंट्रोल पॅनल, नेटवर्क, नेटवर्क इंटरफेस, तिथे क्रिएट बाँड. प्रकार ८०२.३एडी, म्हणजे एलएसीपीच, निवडा (लिनक्सवर हाच मोड ४). बाँडला नॅसचा जुनाच आयपी द्या, म्हणजे कोणाचे शॉर्टकट मोडणार नाहीत. हे आधी करायचे कारण, काही स्विच समोरून एलएसीपीचे उत्तर आले नाही की पोर्ट अडवून ठेवतात, आणि मग नॅसच्या पानापर्यंतच पोहोचता येत नाही.

मग स्विचवर लॅगचा (पोर्टच्या ग्रुपचा) मेनू उघडा. कुठे याला पोर्ट-चॅनल म्हणतात, एचपीच्या जुन्या स्विचवर ट्रंक. सिस्कोत मात्र ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट, तिथे गफलत करू नका. लॅग १ मध्ये ७ आणि ८ टाका, प्रकार 'स्टॅटिक' नको, 'एलएसीपी' घ्या, मोड 'ॲक्टिव्ह'. दोन्ही बाजू पॅसिव्ह असतील तर कोणीच पहिला बोलत नाही आणि ग्रुप बनत नाही. यापुढे व्हीलॅन द्यायचा तो लॅगला, सुट्या पोर्टला नाही.

आता दुसरी केबल जोडा. हेच काम दोन स्विचमध्ये करत असाल तर दोन्हीकडचे सेटिंग होईपर्यंत दुसरी केबल हातातच राहू द्या. आधी जोडली आणि स्पॅनिंग ट्री (लूप अडवणारी सोय) बंद असेल तर लूप होऊन, म्हणजे डेटा दोन केबलमधून गोल फिरत राहून, अख्ख्या ऑफिसचे नेटवर्क बसते.

तपासणी

लॅग स्टेटसमध्ये दोन्ही पोर्ट ॲक्टिव्ह दिसायला हवेत आणि पार्टनरच्या रकान्यात नॅसचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता). तिथे नुसती शून्ये असतील तर समोरून एलएसीपी येतच नाही. मग लॅपटॉपवर नॅसला पिंग चालू ठेवून एक केबल उपसा. एखाद-दुसरा पिंग चुकेल, पण पुढे चालू राहायला हवे. ती परत जोडून मग दुसरी केबल उपसूनही बघा.

सगळा ट्रॅफिक एकाच केबलवरून जातोय असे दिसले तर हॅश सेटिंग (कोणत्या पत्त्यावरून केबल ठरवायची ते) बघा. ते मॅकवर असेल आणि कॉम्प्युटर राउटरपलीकडच्या नेटवर्कमध्ये असतील, तर स्विचला सगळ्यांचा मॅक राउटरचाच दिसतो आणि सगळे एकाच केबलवर जातात. आयपीवर किंवा आयपी-पोर्टवर बदला (हा पोर्ट म्हणजे प्रोग्रॅमचा पोर्ट नंबर, स्विचचा पोर्ट नाही). पण स्विच फक्त नॅसकडे जाणारा ट्रॅफिक वाटतो. नॅसकडून येणारा कसा वाटायचा ते नॅस ठरवतो.

शेवटी 'सेव्ह' दाबा. बऱ्याच स्विचवर 'अप्लाय' केलेले सेटिंग फक्त चालू मेमरीत असते, लाईट गेली की पुसले जाते. सेव्ह झाल्यावर नवा बॅकअप उतरवून घ्या, आणि तो त्या नॅसवर ठेवू नका.