काकाकुव्यावर प्रबंध करायचाय? आधी ढोलीकडे बघा

बडोद्यात प्राणिशास्त्र शिकणारी मुलं अधूनमधून विचारतात, ‘ताई, जंगली काकाकुव्यांचे शत्रू आणि धोके असा विषय घेतलाय, सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी कडू ते सांगते. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्हाला ऑस्ट्रेलियाला कोणी पाठवणार नाही. काकाकुवे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि सॉलोमन बेटं एवढ्याच पट्ट्यात रानात सापडतात, आणि तुम्ही आहात विश्वामित्रीच्या काठी. पण घाबरू नका. वाचून आणि इथली झाडं बघूनही भक्कम काम होतं. मी तेच करतेय, अजून तात्पुरत्या प्रोजेक्टवर, पण करतेय.

आता सापळा. जवळपास प्रत्येक जण पहिल्या प्रकरणात एक तक्ता आखतो. डावीकडे ‘नैसर्गिक शत्रू’: बहिरी ससाणा, वेज-टेल्ड ईगल, घोरपडी, अजगर. उजवीकडे ‘मानवी धोके’: जंगलतोड, तस्करी, वणवे, गाड्यांची धडक. तक्ता देखणा दिसतो, मार्कही मिळतात. माझे बरेच महिने या तक्त्यात गेले, कारण त्यातली मधली रेघच खोटी आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटाचं उदाहरण घ्या. तिथला ग्लॉसी ब्लॅक काकाकुवा एका विणीत एकच अंडं घालतो. ब्रशटेल पोसम हा झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला छोटा प्राणी रात्री खोडावरून चढून ते अंडं किंवा पिल्लू खातो. पोसम तिथलाच प्राणी, म्हणजे तुमच्या तक्त्यात डावीकडे. पण शेतीसाठी रान साफ झालं, मोठ्या ढोल्यांची जुनी झाडं थोडी उरली, आणि पोसमलाही राहायला ढोलीच लागते. मग हा धोका कुठल्या रकान्यात घालाल? 1990च्या दशकात तिथल्या लोकांनी घरट्याच्या झाडांना भोवती पत्रा ठोकला. गुळगुळीत पत्र्यावर नखं रुतत नाहीत, पोसम खाली घसरतो. शेजारच्या झाडावरून उडी मारून येऊ नये म्हणून आजूबाजूच्या फांद्याही छाटल्या. घरटी यशस्वी होण्याचं प्रमाण 23 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेलं. पोसमला कोणी मारलं नाही. ढोली राखली.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कार्नाबी काकाकुव्याचंही तेच. गव्हासाठी रान तुटलं आणि शेतीबरोबर गलाह पसरला. तोही काकाकुवाच, आणि तो ढोलीसाठी भांडतो. माणसांनी आणलेल्या युरोपीय मधमाश्याही ढोल्या बळकावतात. डेनिस सॉन्डर्स या शास्त्रज्ञाने 1969पासून कूमॅलो क्रीकच्या ढोल्यांचा माग ठेवला, तोही वर्षानुवर्षं. मॅनमॅनिंग या दुसऱ्या जागी चारा इतका लांब गेला की पिल्लं वजनात मागे पडायची. 1977पर्यंत तिथले कार्नाबी संपले. तिथे कोणत्या ससाण्याला दोष देणार?

म्हणून ‘कोण खातं’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न हा, की अंडं घालायला जागा आहे का, आणि पिल्लाला पुरेल इतकं खाणं जवळ आहे का? निलगिरीच्या जातीच्या झाडात मोठ्या काकाकुव्याला पुरेल अशी ढोली व्हायला शंभर वर्षांहून जास्त लागतात. पक्षी मात्र कित्येक दशकं जगतो. त्यामुळे पिल्लं येणं बंद झालं तरी थवा बराच काळ मोठाच दिसतो. नुसती मोजणी वाचून ‘संख्या स्थिर’ असं लिहू नका, कृपा करून.

तस्करीचं मात्र वेगळं आहे, तिथे रेघ स्पष्ट आहे. 2015मध्ये इंडोनेशियात सुराबायाच्या बंदरावर पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत कोंबलेले सापडले. त्याआधी 2005पासूनच ही जात सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वात कडक अशा परिशिष्ट एकमध्ये होती. कागद असून हे झालं, हे विसरू नका. उलट फिलिपिन्समधल्या पालावानजवळच्या रासा बेटावर कटाला फाउंडेशन या संस्थेने पूर्वी पिल्लं चोरणाऱ्यांनाच राखणदार नेमलं, आणि फिलिपिन्सचा काकाकुवा तिथे वाढला. आणि हो, ‘अभ्यासासाठी’ म्हणून काकाकुवा विकत घेऊ नका. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीनंतर असा पक्षी बाळगायचा तर नोंदणी लागते. नोंदणी केली तरी पिंजऱ्यातला पक्षी रानातल्या धोक्यांबद्दल काही सांगत नाही.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत ठाम आहे. नावाजलेले सर मिळण्यापेक्षा तुमचं प्रकरण वाचून परत देणाऱ्या मॅडम मिळाल्या तर सोनं समजा. मला एके ठिकाणी नुसत्या सह्या मिळाल्या. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे जुने प्रबंध चाळायला हरकत नाही, पण त्यातला तक्ता उचलू नका, तो एकाचा दुसऱ्याने उचललेलाच असतो.

इथे काय बघायचं? आपले पोपट. कमाटी बागेतल्या जुन्या झाडांखाली सकाळी उभे राहा. पोपटाची मादी ढोलीची कड चोचीने कुरतडत असते, आणि ती जरा उडाली की साळुंकी गवताची काडी घेऊन आत शिरते. कोणती ढोली कोणी घेतली, कधी सोडली, कोणती फांदी छाटणीत गेली, एवढं नीट लिहिलंत तर कांगारू बेटावरचा लेख वाचताना तुम्हाला आपोआप कळेल की ते लोक काय मोजत होते. पोपटांची वीण साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. त्यामुळे डिसेंबरातच बागेच्या कार्यालयात परवानगीचा अर्ज द्या, त्याला वेळ लागतो. जानेवारीत ढोल्यांवर नंबर टाकून नकाशा तयार ठेवा. झाडाला खिळा ठोकू नका, नंबर वहीतच असू द्या.