ला पाझमध्ये रात्री बाहेर पडताना या चुका टाळा

बोलिव्हियातील ला पाझ हे शहर सुमारे ३,६०० मीटर उंचीवर वसले आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. आणि विमान उतरते ते त्याच्याही वर, एल आल्टोच्या पठारावर, ४,००० मीटरच्या पुढे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. अशा ठिकाणी सामान खोलीवर टाकून त्याच संध्याकाळी सोपोकाची या वस्तीतील बार गाठणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. पहिल्या दोन रात्री मद्याला हातच लावू नये.

उंचीवर दारू लवकर चढते, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक, उंचीमुळे रक्तातील मद्याचे प्रमाण वाढत नाही. प्राणवायूच्या कमतरतेने आधीच थकलेल्या शरीरावर मद्याचा भार पडतो, झोपेत श्वास उथळ होतो आणि प्राणवायू आणखी घटतो. त्यातच विरळ हवेचा त्रास पोहोचल्यापासून साधारण सहा ते बारा तासांत सुरू होतो. त्यामुळे सकाळी डोके ठणकले आणि मळमळले, तर कालच्या पिण्याचा परिणाम समजून माणूस स्वस्थ बसतो, आणि संध्याकाळी पुन्हा ग्लास भरतो. या उंचीवरील डोकेदुखी, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीचीच मानावी: विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे, मद्य बंद ठेवावे. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र सोबत्यांनी 'जास्त झाली असेल' असे म्हणून त्याला झोपवू नये. ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे आणि शक्य तितक्या लवकर कमी उंचीवर हलवावे. मुळातच मुक्काम शहराच्या दक्षिण भागात, कालाकोतोसारख्या वस्तीत घेतला, तर काहीशे मीटर खाली राहता येते आणि पहिली रात्र सुसह्य होते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरील गोळी घेणाऱ्यांना बिअर बेचव, जणू बुडबुडे गेलेली लागते. बाटली परत करू नये. तो त्या गोळीचा ज्ञात परिणाम आहे. झोपेची गोळी आणि मद्य हे मिश्रण मात्र इथे धोकादायक ठरते.

सुरुवात आपीने करावी. जांभळ्या मक्याच्या पिठात दालचिनी, लवंग आणि साखर घालून शिजवलेले हे दाट, वाफाळते पेय मद्यविरहित असते, आणि सोबत चीज भरून तळलेली, टम्म फुगलेली पास्तेल मिळते; बोचऱ्या थंडीत याहून चांगली संध्याकाळ शोधूनही सापडणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. शरीर रुळल्यावर सिंगानीकडे वळावे. उंचावरील मळ्यांतील मस्कत द्राक्षांपासून गाळलेली ही बोलिव्हियाची स्वतःची दारू सुमारे ४० टक्के तीव्रतेची असते. जिंजर एल आणि लिंबू घातलेल्या चुफ्लायमध्ये, किंवा दालचिनीच्या गरम चहात मिसळलेल्या 'ते कोन ते'मध्ये ती तीव्रता गोडव्याआड लपते आणि प्याले मोजायचे राहून जातात. पहिला घोट घेण्यापूर्वी कोणी थोडे पेय जमिनीवर ओतले, तर सांडले म्हणून पुसायला धावू नये. तो पृथ्वीमाता पाचामामाचा मान आहे.

'पेन्या' नावाच्या लोकसंगीताच्या बैठकीत चारांगो या छोट्या तंतुवाद्याच्या तालावर नाचण्याचा आग्रह होतो. एका गाण्यानंतर बसावे. परतताना चढाच्या गल्ल्या पायी चढण्याचा मोह टाळावा. शहरातील केबल कार रात्रभर चालत नाही आणि रस्त्यावर हात दाखवून थांबवलेली टॅक्सी सुरक्षित नसते, म्हणून बारमधूनच फोन करून रेडिओ टॅक्सी मागवावी. जून-जुलैत रात्रीचे तापमान शून्याजवळ जाते. मद्याने वाटणारी ऊब फसवी असते, तेव्हा जाड कोट हवाच.

ज्यापासून कोकेन बनते त्या कोकाच्या पानांचा चहा तिथे कायदेशीर असून हॉटेलांत सहज मिळतो. तो तिथेच प्यावा; त्याच्या पिशव्या बॅगेत ठेवू नयेत, कारण भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कोकाचे पान हाच अमली पदार्थ आहे.