जीसीसी की क्लँग: वाद घालण्यापूर्वीची तयारी

जीसीसी आणि क्लँग हे दोन कंपायलर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारे प्रोग्राम. त्यांपैकी कोणता चांगला, या प्रश्नावरचा वाद बहुधा तिसऱ्या-चौथ्या उत्तरातच परवान्यावर (सॉफ्टवेअर वापरण्याच्या, बदलण्याच्या व वाटण्याच्या अटींवर) घसरतो आणि कोणाचा कोड वेगाने धावतो हा मूळ मुद्दा बाजूला पडतो. म्हणून आपण नेमके कशाविषयी बोलत आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे: तयार होणाऱ्या प्रोग्रामचा वेग, कंपाइल होण्यास लागणारा वेळ, चुकांचे संदेश, की परवाना. वेळेचे प्रश्न मोजून सुटतात. परवान्याचा मात्र मोजून सुटत नाही, कारण तिथे कोणाचे स्वातंत्र्य आधी जपायचे, वापरणाऱ्याचे की कोड घेऊन पुढे विकणाऱ्याचे, यावरच मतभेद असतो.

वेगाचा दावा करताना दोन्ही कंपायलरांच्या आवृत्त्या, दिलेले पर्याय आणि प्रोसेसर लिहिल्याशिवाय आकडा पुढे करू नये. जीसीसी ११ पर्यंत ‘-ओ२’ या कोड वेगवान करण्याच्या पर्यायात लूपचे (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाचे) आपोआप व्हेक्टरायझेशन, म्हणजे एकाच आज्ञेने अनेक आकड्यांवर काम करणे, होत नसे, त्यासाठी त्याहून जोरकस ‘-ओ३’ द्यावे लागे. क्लँग ते ‘-ओ२’मध्येच करत असे. २०२२ मध्ये आलेल्या जीसीसी १२ पासून ते ‘-ओ२’मध्येही, मर्यादित प्रमाणात, सुरू झाले. म्हणजे जुन्या आवृत्तीवर दोन्हींना ‘-ओ२’ देऊन केलेली तुलना वरवर समान असली, तरी प्रत्यक्षात समान नव्हती. चाचणीसाठी शक्यतो आपलाच खरा प्रोग्राम घ्यावा आणि तो अनेकदा चालवावा. हौसेने लिहिलेला चार ओळींचा लूप फसवा असतो: त्याचे उत्तर पुढे कुठेच वापरले नसेल तर कंपायलर तो लूपच काढून टाकतो, आणि आपण न झालेल्या कामाची वेळ मोजून विजयाची आरोळी ठोकतो.

चुकांच्या संदेशांवरून जीसीसीला नावे ठेवणाऱ्याने आधी चालू आवृत्ती वापरून पाहावी. एके काळी या बाबतीत क्लँग स्पष्टपणे पुढे होता, पण ती तक्रार आता बरीच शिळी झाली आहे.

परवान्याकडे वळताना एक गैरसमज प्रथम दूर करावा. जीसीसी जीपीएलखाली (बदल करून वाटल्यास मूळ कोडही द्यायला लावणाऱ्या परवान्याखाली) आहे म्हणून त्यातून कंपाइल केलेला आपला प्रोग्रामही जीपीएलखाली द्यावा लागतो, हे खरे नाही. प्रोग्रामला जोडल्या जाणाऱ्या जीसीसीच्या रनटाइम लायब्ररीसाठी (प्रोग्राम चालताना लागणाऱ्या तयार कोडसाठी) परवान्यातच तसा अपवाद दिलेला आहे. फरक पडतो तो कंपायलरच बदलून इतरांना देणाऱ्याला: जीसीसीत बदल करून वाटला तर बदललेला सोर्सही (मूळ कोडही) द्यावा लागतो, तर क्लँग ज्याचा भाग आहे त्या एलएलव्हीएम प्रकल्पाच्या अपाचे २.० परवान्यात ती सक्ती नाही.

या फरकाचे परिणाम दाखवायचे असतील तर फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे उदाहरण द्यावे. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, जीसीसीने ती स्वीकारली, आणि ती नको म्हणून फ्रीबीएसडी मूळ प्रणालीत जुन्या जीसीसी ४.२.१ वरच थांबले; पुढे २०१४ च्या जानेवारीत आलेल्या दहाव्या आवृत्तीत प्रमुख प्लॅटफॉर्मांवर क्लँग हाच ठरलेला कंपायलर झाला. हा निर्णय वेगावरून झालेला नव्हता, म्हणून वेगाच्या वादात तो पुरावा म्हणून आणू नये. उलट बाजूने बोलणाऱ्याकडेही भक्कम दाखला आहे: नेक्स्ट या संगणक कंपनीला जीसीसीवर बांधलेला आपला ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंग भाषेचा भाग बंद ठेवायचा होता, पण जीपीएलमुळे तो खुला करावा लागला आणि जीसीसीत सामील झाला.

जाता जाता, ही दोन घराणी मुळातच एकमेकांची वैरी होती असे समजू नये. २००५ मध्ये एलएलव्हीएम सुरू करणारे क्रिस लॅटनर यांनी एलएलव्हीएम जीसीसीत सामावून घेण्याचा प्रस्ताव मांडला होता.

समोरचा तरीही ‘कोणता परवाना चांगला?’ असेच विचारत राहिला, तर त्याला उलट विचारावे की तो कंपायलर फक्त वापरणार आहे की बदलून इतरांना देणार आहे. फक्त वापरणार असेल, तर परवान्याचा विषय तिथेच सोडून द्यावा आणि त्याच्याकडून प्रोग्राम व वापरलेले पर्याय मागून घ्यावेत.