निर्वासितांच्या शेजारी राहून सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी

म्यानमारच्या चिन प्रांतातून जीव वाचवून आलेले हजारो निर्वासित पश्चिम दिल्लीत विकासपुरी, उत्तमनगर, जनकपुरी या भागांत भाड्याच्या एकेका खोलीत दिवस काढत आहेत. महाराष्ट्रातील एखाद्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) तेथे सेवक पाठवायचे ठरवले, तर त्या सेवकाने हे आधी ध्यानात घ्यावे की चिन लोक बहुतांशी ख्रिस्तीच आहेत. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे कार्सन दांपत्य १८९९ मध्ये चिन प्रदेशातील हाखा येथे पोहोचले, तेव्हापासून तेथे मंडळी उभ्या राहिल्या. दिल्लीतही निरनिराळ्या चिन बोलींच्या उपासना भरतात आणि त्यांना स्वतःचे पाळक (धर्मगुरू) आहेत. त्यामुळे नव्याने आलेल्या सेवकाने स्वतःची उपासना सुरू करण्याची घाई करू नये. त्या पाळकांना भेटावे, आपल्याकडून काय हवे ते त्यांनाच विचारावे आणि ‘सध्या काही नको’ असे उत्तर आले तर तेही मानावे.

राहण्यासाठी त्याच गल्लीत खोली घ्यावी. घरमालक वीज कोणत्या दराने लावतो, पाणी किती वाजता येते आणि भाडे थकले की कोणत्या शब्दांत बोलणी खावी लागतात, हे दुरून समजत नाही. भाडेकरूंची पोलीस पडताळणी मात्र पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी, कारण आपल्यामुळे पोलीस गल्लीत येऊ लागले तर त्याचा त्रास शेजाऱ्यांनाच होतो.

सेवेचा मोठा भाग कागदपत्रांचा आहे, आणि तो कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर किंवा १९६७ च्या त्याच्या पूरक करारावर सही केलेली नाही. म्यानमारहून दिल्लीत आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते व ओळखपत्र देते, परंतु बँक, सिमकार्ड किंवा नोकरीसाठी ते पत्र बहुधा पुरत नाही. चिन व बर्मी लोकांमध्ये आडनावाची पद्धत नसल्याने बापाचे आणि मुलाचे नाव कागदावर जुळत नाही, आणि अर्जातील आडनावाचा रकाना प्रत्येक कारकून आपापल्या परीने भरतो. कुटुंबातील प्रत्येकाच्या नावाचे एकच स्पेलिंग ठरवून, ओळखपत्राबरहुकूम तेच सगळीकडे लिहिले जाते आहे ना, एवढे पाहिले तरी पुढची अनेक भांडणे वाचतात. दयेपोटी स्वतःच्या नावावर दुसऱ्यासाठी सिमकार्ड घेऊ नये. त्यात दोघेही अडचणीत येतात.

शाळाप्रवेशासाठी पालकांबरोबर स्वतः जावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या बालकाची व्याख्या करताना नागरिकत्वाची अट घातलेली नाही, आणि आधारकार्डावरून अडवणूक झाल्यास मुख्याध्यापकांना हे नम्रपणे दाखवून देता येते. सरकारी रुग्णालयात जाताना दुभाषा प्रौढच असावा. आईच्या गर्भाशयाच्या तक्रारी दहा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांना सांगाव्यात, हा प्रसंग सोयीचा वाटला तरी दोघींवर अन्याय करणारा आहे. वस्तीतील दोनतीन तरुणींना हिंदीतील वैद्यकीय शब्द शिकवून त्या कामाचा मोबदला देणे हा टिकाऊ उपाय आहे.

अफगाण कुटुंबे दक्षिण दिल्लीत लाजपतनगर, भोगल या भागांत आढळतात. ती बहुतांशी ख्रिस्ती नसल्याने तेथे धर्माचा प्रश्न अधिक नाजूक होतो. ज्याच्या हाती तांदूळ आहे, त्याच्यापुढे भुकेला माणूस मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही. म्हणून मदत आणि सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश सांगणे) यांची वेळ, जागा आणि शक्य झाल्यास माणसेही वेगळी असावीत. शिधा देताना प्रार्थनेची अट नको, धर्मप्रचाराची पत्रिकाही नको. मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंच्या पुण्यातील शारदासदन या मुलींच्या व विधवांच्या शाळेचे १८९३ चे प्रकरण आठवेल. मुलींवर धर्मांतराचा प्रभाव पडतो, या आरोपावरून रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंचा हेतू शुद्ध होता असे मी मानतो, तरीही शुद्ध हेतूने संशय मिटला नाही. कोणी आपणहून श्रद्धेविषयी विचारले तर लपवाछपवी न करता उत्तर द्यावे. मात्र बाप्तिस्म्याची घाई करू नये, कारण अफगाणिस्तानात मागे राहिलेल्या नातलगांवर त्याचा सूड उगवला जाऊ शकतो. दिल्लीची हद्द ओलांडून नोएडा किंवा गाझियाबादला गेल्यास उत्तर प्रदेशचा २०२१ चा धर्मांतरविरोधी कायदा लागू होतो, आणि त्यात आमिष दाखवून केलेले धर्मांतर हा गुन्हा आहे.

छायाचित्रांबाबत नियम कडक असावा. देणगीदारांना पाठवायच्या पत्रात चेहरा, गल्ली, मूळ गाव यांपैकी काहीही ओळखू येता कामा नये. समाजमाध्यमांवर तर टाकूच नये. परदेशातून पैसा येणार असेल, तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच तो घ्यावा आणि वैयक्तिक खात्यात घेऊ नये. हातउसने पैसे देण्याविषयीही एकच धोरण ठरवावे. माझ्या मते सेवकाने उधार देऊच नये. पाळकांच्या देखरेखीखालील मदतनिधीत शक्य तेवढे घालावे आणि कोणाला किती द्यायचे हे त्यांच्यावर सोपवावे.

काही कुटुंबांचे तिसऱ्या देशात पुनर्वसन होते, बहुतेकांचे होत नाही. त्याचा निर्णय सेवकाच्या हाती नसतो, त्यामुळे ‘मी बोलून पाहतो’ एवढे आश्वासनही देऊ नये. ज्यांची विनंती फेटाळली गेली, त्यांच्या खोलीत त्या आठवड्यात जाऊन बसावे, आणि त्यांनी विषय काढला तरच त्याबद्दल बोलावे.