मागून बसणारी टूरर

डबल सीट आणि दोन्ही पेट्या भरल्या की माझी टूरर (लांब पल्ल्याची मोटरसायकल) मागून पार बसायची. स्पीडब्रेकरवर शॉक तळाला धडकायचा, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर! आधी नुसता प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवत राहिलो. चूक. प्रीलोडने उंची मिळते, स्प्रिंग कडक होत नाही. शेवटी आम्हा दोघांचं आणि सामानाचं वजन धरून कडक स्प्रिंगचा शॉक घेतला. पुढच्या चाकाच्या फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) स्प्रिंगा आणि तेलही बदललं (जुनं तेल काळंकुट्ट, वास तर विचारूच नका). मग टेप घेऊन बसलो: मागच्या चाकापासून वरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजलं, चाक अधांतरी असताना आणि पूर्ण लोडवर; फरक ट्रॅव्हलच्या (चाक वरखाली होऊ शकतं त्या एकूण अंतराच्या) साधारण ३० टक्के हवा. १२० मिमीला ३६. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना होणारा अटकाव) दोन क्लिक वाढवला आणि वळणातलं डोलणं थांबलं.